रस्त्याचा पडदा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या समुद्रपूरला देवळापुढच्या पटांगणात नाटक झाले. साल १९६३ असावे. नाटकाचे नाव आता आठवत नाही. नटांची नावे तर तेव्हाही कळली नव्हती. आठवतो तो पडदा. तिसरी घंटा झाली, दर्शनी पडदा गुंडाळत वर गेला आणि मागे एक रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली इमारती, कमानीदार सज्जे, दिव्यांचे खांब आणि मधून सरळ आत गेलेला रस्ता. तो अरुंद होत होत टोकाला घड्याळाच्या एका मनोऱ्यापाशी संपत होता. तसा रस्ता समुद्रपुरात नव्हता, हिंगणघाटात नव्हता आणि वर्ध्यातही नव्हता. माझी आजी शेंगांची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला कोपराने ढोसले आणि विचारले, "काऊन रे, ह्या रस्त्यानं गेलं तं कुठी निंगते?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे मी मास्तर झालो, मुलांना इतिहास शिकवू लागलो. पानिपत आणि प्लासी शिकवता शिकवता आजीचा प्रश्न मात्र मनात राहिला. गावच्या नाटकाच्या पडद्यावर हा परका रस्ता आला कोठून? जे थोडेफार हाती लागले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. आधी उत्तर सांगून टाकतो. आजीच्या त्या रस्त्याने गेले, तर माणूस इटलीत निघतो.

आज आपण नाट्यगृह म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे काय येते? समोर एक मोठी चौकट, चौकटीत पडदा, पडद्यामागे रंगमंच, बाजूला विंगा, वर झालरी आणि अंधारात रांगेने बसलेले प्रेक्षक. आपल्याला वाटते, नाटक म्हटले की हे असायचेच. पण ही रचना चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत घडली. चित्रात दूरचे दूर आणि जवळचे जवळ कसे दाखवायचे, याचे गणित तिथल्या चित्रकारांना साधले होते. त्याला आपण यथार्थदर्शन म्हणतो. तेच गणित त्यांनी रंगमंचावर आणले. सेबास्तियानो सेर्लिओ नावाच्या वास्तुकाराने १५४५ मध्ये छापलेल्या ग्रंथात नाटकासाठी तीन देखावे काढून दाखवले. गंभीर नाटकासाठी राजवाडे, विनोदी नाटकासाठी साध्या घरांचा रस्ता आणि तिसरा देखावा झाडाझुडपांच्या रानाचा. हा विचारही त्याचा एकट्याचा नव्हता. त्याच्या दीड हजार वर्षे आधीच्या व्हिट्रुव्हियस या रोमन ग्रंथकाराच्या लिखाणावरून तो घेतलेला होता.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आमच्या गावच्या मंडळाकडे चार पडदे होते. दर्शनी पडदा सोडला, तर उरलेल्या तिघांची नावे होती : दरबार, रस्ता आणि जंगल.

इटलीतल्या विचेंझा शहरात १५८५ मध्ये तेआत्रो ओलिंपिको हे नाट्यगृह सुरू झाले. आराखडा पाल्लादिओचा. तो त्याआधीच वारला, म्हणून रंगमंचावरचा देखावा स्कामोझ्झीने केला. ग्रीक नाटकातल्या राजा इडिपसची कथा रंगवायची होती, म्हणून त्याने रंगमंचाच्या कमानींमागे लाकूड आणि गिलाव्याचे रस्ते उभे केले. ते आत जाताना चढत जातात आणि अरुंद होतात. त्यामुळे काही पावलांचा रस्ता कोसभर लांब वाटतो. मी तो छायाचित्रांतच पाहिला आहे. पण पाहताक्षणी ओळख पटली. त्यानंतर १६१८ मध्ये पार्मा शहरात तेआत्रो फार्नेसे बांधले गेले. तिथे रंगमंचापुढे एकच मोठी चौकट आली आणि मागचे देखावे सरकवून बदलण्याची सोय झाली. १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कोणालाही आत जाता येईल असे ऑपेराचे नाट्यगृह उघडले. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ही पद्धत युरोपभर पसरली. म्हणून तिला इटालियन पद्धतीचे नाट्यगृह म्हणतात.

या रस्त्यांची एक खोड आहे. काढलेला रस्ता पूर्णपणे खरा दिसतो तो एकाच जागेवरून. दरबारी नाट्यगृहात ती जागा राजाच्या आसनाची असे. बाकीचे लोक डावी-उजवीकडून थोडा वाकडा रस्ता पाहत. आमच्या पटांगणात पहिल्या रांगेत खुर्च्यांवर जुन्या मालगुजार घराण्यातले लोक आणि सरकारी अधिकारी बसत. पण ते इतके जवळ बसत की त्यांना रंगाचे फटकारे दिसत असणार. रस्ता बरोबर दिसायची जागा होती मागे, गॅसबत्तीच्या खांबाजवळ. तिथे बायका आणि पोरे बसत. चित्रकाराने राजासाठी धरलेली जागा आमच्याकडे आजीच्या वाट्याला आली होती.

आता हा रस्ता आपल्याकडे कसा आला ते पाहू. आपल्याला पडदा माहीत नव्हता असे नाही. संस्कृत नाटकात यवनिका आहे, तिरस्करणी आहे. दक्षिणेकडे कथकलीत अजूनही दोन माणसे रंगीत कापड धरून उभी राहतात आणि त्यामागून पात्र प्रकटते. पण हा पडदा पात्राला झाकण्यासाठी असतो. त्यावर गाव, रान किंवा महाल काढलेला नसतो. आमच्या भागातल्या दंडारीला तर तोही लागत नाही. डफाच्या तालावर चार गडी पुढे आले आणि एकाने म्हटले की मी राजा, की झाला दरबार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेही पुष्कळसे याच वाटेने. सूत्रधार गाऊन सांगे की हे वन आहे, आणि लोक वन मानत.

मुंबईत मात्र इंग्रजांनी आपल्या करमणुकीसाठी १७७६ मध्येच नाट्यगृह बांधले होते. ते मोडल्यावर १८४६ मध्ये ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेट यांच्या जमिनीवर दुसरे उभे राहिले. त्यात चौकट होती, पडदे होते, विंगा होत्या. भावे १८५३ मध्ये मुंबईत आले आणि त्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. सूत्रधाराच्या शब्दावर चालणारे नाटक त्या दिवशी इटालियन चौकटीत उभे राहिले. त्याच सुमारास पारशी मंडळींनी नाटक कंपन्या काढल्या. त्यांनी रंगवलेल्या देखाव्यांवर आणि यांत्रिक करामतींवर पाण्यासारखा पैसा ओतला. पुण्यात पारशी कंपनीचा खेळ पाहूनच अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना आली, असे सांगतात. त्यांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. तिथून मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले आणि त्याबरोबर पडद्यांचेही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इटालियन पद्धतीचे नाट्यगृह दगडविटांत बांधायला संस्थानिक किंवा शेटजी लागतो. अशी नाट्यगृहे आपल्याकडे फार थोडी झाली. पण नाटक कंपन्या गावोगाव हिंडत. त्यांना नाट्यगृह सोबत न्यावे लागे. ते त्यांनी कापडात नेले. बांबूवर गुंडाळलेले दहा-बारा पडदे, विंगांची जोडी आणि झालरी रेल्वेच्या वाघिणीत घालायच्या, स्टेशनवरून बंडीत टाकायच्या आणि कोणत्याही मंडपात टांगायच्या, की तासाभरात इटली उभी. हिंगणघाट स्टेशनवर उतरून बंडीने आमच्यासारख्या आतल्या गावात आले ते हे कापडाचे नाट्यगृह.

हे पडदे कसे रंगवत, तेही सांगायला हवे, कारण ती विद्या आता नाहीशी होत चालली आहे. मांजरपाटाचे पट्टे उभे-आडवे शिवून मोठे कापड करायचे. आमचे पडदे वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच होते. कापडाला खळ आणि सरसाचा हात देऊन ते ताठ करायचे. वाळल्यावर त्यावर दोरी ताणून रेघा पाडायच्या. रस्ता काढायचा असेल, तर मध्यावर एक खिळा मारून सगळ्या दोऱ्या त्या खिळ्यापासून निघायच्या. सज्जांच्या, छपरांच्या, पायऱ्यांच्या सगळ्या रेघा त्या एका बिंदूकडे जातात. आजीला जो रस्ता आत जाताना दिसला, तो त्या खिळ्यामुळे. मग रंग. सफेदा, पेवडी, गेरू, काव, नीळ, हिंगूळ, काजळी. कोरडी भुकटी पाण्यात कालवायची आणि तापवून पातळ केलेल्या सरसात मिसळून कुंचल्याने लावायची. तेलरंग वापरत नसत. ते चकाकतात आणि गुंडाळताना तडकतात. सरसाचा रंग गॅसबत्तीच्या उजेडात मऊ, मखमली दिसतो.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पटांगणात गेलो. पडदे उन्हात टांगलेले होते. जवळ जाऊन पाहिले, तर रात्रीच्या झाडांची पाने म्हणजे नुसते हिरवे थापे होते. दिव्याचा खांब म्हणजे दोन पट्टे. मी हिरमुसलो. मग मागे मागे सरकत गेलो. खांबापाशी पोचलो आणि रस्ता परत आला. यथार्थदर्शनाचा पहिला धडा मला शाळेत नव्हे, तिथे मिळाला.

हे पडदे केवळ शोभेसाठी नव्हते. नाटक कसे लिहायचे, हे त्यांनी ठरवले. दरबाराचा प्रवेश लावायचा म्हणजे सिंहासन, लोड-तक्के, चवऱ्या. ते मांडायला वेळ लागतो. तेवढा वेळ प्रेक्षकांना गुंतवायचे कसे? मग रंगमंचाच्या पुढच्या भागात रस्त्याचा पडदा सोडायचा. त्याच्यापुढे दोन पात्रे येऊन बोलू लागत. बहुतेक वेळा विनोदी पात्रे. त्यांचे भांडण रंगात आले की मागची ठाकठूक लोकांना ऐकू येत नसे. ती निघून जात, रस्ता वर गुंडाळला जाई आणि दरबार सजून तयार असे. एक आत, एक बाहेर, असे प्रवेश गुंफायची सवय नाटककारांना पडद्यांनी लावली. विनोदी प्रवेश रस्त्यावर आणि गंभीर प्रवेश महालात, ही वाटणी सेर्लिओच्या ग्रंथात आहे आणि समुद्रपूरच्या पटांगणातही होती. मधल्या लोकांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. विद्या अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

या विद्येचा आपल्याकडचा कळस कोल्हापूरला झाला. मिस्त्री घराण्यातले दोन चुलतभाऊ, आनंदराव आणि बाबूराव. लोक त्यांना आडनावाने नव्हे, पेंटर म्हणूनच ओळखू लागले. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी काम केले, तसेच गुजराती आणि पारशी कंपन्यांसाठीही. पुढे या भावांना चलच्चित्राचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली घडलेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांत होते. मराठी चित्रपटाच्या घराण्याचा मूळपुरुष शोधत मागे गेलो, तर तो सरसाच्या भांड्यापाशी बसलेला सापडतो. आणि विशेष असे, की याच बाबूरावांनी 'सिंहगड'सारख्या चित्रपटात रंगवलेले पडदे बाजूला सारून घडीव, तिन्ही बाजूंचे देखावे उभे केले. पडद्याची मर्यादा त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार?

कोल्हापुरातच हे कापडाचे नाट्यगृह दगडविटांतही उभे राहिले. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोममधली जुनी क्रीडागारे पाहून आल्यावर आपल्या राज्यात तसे काही असावे, असे त्यांच्या मनात आले. त्यातून खासबागेचे कुस्तीचे मैदान झाले आणि त्याला लागून पॅलेस थिएटर. ते १९१५ मध्ये सुरू झाले. मल्ल आणि नट यांना एकाच आवारात जागा देणारा असा राजा दुसरा दिसत नाही. पुढे या नाट्यगृहाला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले.

मुंबईला त्याच सुमारास रॉयल ऑपेरा हाउस बांधले जात होते. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले तेव्हा काम अजून पुरे व्हायचे होते. तिथे इटालियन थाट नखशिखान्त आहे : घोड्याच्या नालासारखे वळलेले सज्जे, बाजूला खाशा मंडळींचे कक्ष, सोनेरी नक्षी, झुंबरे आणि घुमटात रंगवलेले कवी-नाटककार. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तिथे गायले. पुढे तेथे चित्रपट दाखवू लागले, १९९३ मध्ये ते बंद पडले, आणि जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. मुलाकडे मुंबईला गेलो असता मी ते पाहून आलो. झुंबराखाली उभा राहून मान वर केली, तर मला आमची झालर आठवली. आमच्या मंडळाच्या झालरीवर अगदी तशीच वळणदार सोनेरी पाने होती. फक्त ती पेवडीने काढलेली होती.

सगळा काळ मात्र सरळ चालत नाही. नाटकाला घरातली, माजघरातली माणसे दाखवायची होती. ती राजवाड्याच्या पडद्यापुढे शोभेनात. ललितकलादर्शने मामा वरेरकरांच्या 'सत्तेचे गुलाम'सारख्या नाटकांतून १९२२ पासून तीन भिंतींची खोली रंगमंचावर आणली. त्या मंडळीचे चित्रकार पु. श्री. काळे यांचे नाव या कामासाठी घेतले जाते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले. त्यात खरी दारे, खऱ्या खिडक्या आणि खरे सामान होते. गंधर्व मंडळींनी दुसऱ्या टोकाला जाऊन खऱ्या गालिच्यांची आणि उंची वस्त्रांची श्रीमंती दाखवली आणि कर्जही तसेच करून ठेवले. तेवढ्यात बोलपट आला. कंपन्या एकेक करून मोडल्या. नट रस्त्यावर आले आणि पडदे लिलावात गेले.

आमच्या मंडळाचे चार पडदे असेच आले होते. हिंगणघाटला मुक्काम असताना एक कंपनी मोडली. देणेकऱ्यांनी सामान विकले. ते आमच्या गावातल्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून घेतले. पडदे आले तेव्हा ते कोणी रंगवले, हे विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही. विदर्भाच्या पूर्वेला झाडीपट्टीत, चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदिया भागात, धान घरात आल्यावर रात्र रात्र नाटके चालतात. तिथे पडद्यांची परंपरा पुष्कळ टिकली. आमचा वर्धा जिल्हा कापसाचा. इथे ती लवकर विझली. वीज आली, सिनेमाची टुरिंग टॉकीज आली, मग घरोघर टीव्ही. पडदे समाजमंदिराच्या माळ्यावर गेले. खळ आणि सरस म्हणजे उंदरांना मेजवानीच.

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जाते. १९८३ च्या डिसेंबरात मी त्या मंडळाचा चिटणीस होतो. म्हणजे नावालाच. नाटक होऊन सात वर्षे झाली होती. संध्याकाळी आभाळ भरून आले. आमच्या घराजवळच्या एका कास्तकाराच्या अंगणात वेचून आणलेल्या कापसाची गंजी उघडी होती. तो माझ्याकडे धावत आला, काही झाकायला आहे का विचारत. तरुणपणी त्याने आमच्या नाटकात दुष्यंत केला होता. ताडपत्री कोणाकडे शिल्लक नव्हती. मी समाजमंदिराची किल्ली घेतली आणि आम्ही दोघांनी माळ्यावरून दोन पडदे उतरवले. दरबार आणि रस्ता. जाड कापड आहे, पाणी अडवील असे मला वाटले. मी इतिहासाचा मास्तर. सरसाचा रंग पाण्यात विरघळतो, हे मला ठाऊक नव्हते.

पाऊस रात्रभर पडला. सकाळी गंजीवरून पडदे काढले, तर कापसाचा वरचा थर निळा, तांबडा, पिवळा झाला होता. तो कापूस कोणी चांगल्या भावाने घेणार नव्हते. मी खाली मान घालून उभा राहिलो. तो क्षणभर काही बोलला नाही. मग हसून म्हणाला, "मास्तर, तुमचा दरबार माह्या कापसात उतरला न." नुकसान त्याचेही झाले होते. पण त्याने मला पुढे कधी ते बोलून दाखवले नाही. त्यामुळे ते मला अधिकच लागून राहिले.

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई. आमच्या मातीतून कापूस गेला, त्याचे कापड झाले, कापडावर इटलीचा रस्ता उमटला आणि त्या रात्री तो रस्ता परत कापसात गेला. हे सगळे मला नंतर सुचले. त्या सकाळी एवढेच दिसले, की पन्नास-साठ वर्षे टिकलेली एक वस्तू माझ्या हाताने गेली.

विचेंझाचे ते लाकडी रस्ते एका नाटकापुरते उभे केले होते. ते उतरवलेच नाहीत. चारशे चाळीस वर्षे होत आली, अजून जागेवर आहेत. आपल्याकडे शेकडो पडदे झाले, त्यातले किती उरले? नाटककारांची पुस्तके छापली गेली. गायकांच्या तबकड्या निघाल्या. नटांची छायाचित्रे भिंतीवर लागली. पडदा मात्र सामान मानला गेला. सामानाचा इतिहास कोणी लिहीत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर अनेक पिढ्या उभ्या राहिल्या, तो जळताना कोल्हापूरकर डोळ्यांत पाणी आणून पाहत होते. नंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. वास्तू जळाली की गाव जमते, वर्गणी निघते, सरकार धावते. आणि ते योग्यच आहे. पण गावोगावची कापडी नाट्यगृहे गेली, तेव्हा कोणी जमले नाही. कारण काही गेले आहे हेच कोणाला कळले नाही. मलाही कळले नव्हते.

म्हणून आज एक विनंती करतो. तुमच्या गावातल्या देवळाच्या, शाळेच्या, वाड्याच्या माळ्यावर बांबूला गुंडाळलेले जुने कापड असेल, तर ते एकदा कोरड्या दिवशी सावलीत उलगडून पाहा. ओल्या फडक्याने पुसू नका. घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. बांबूलाच गुंडाळा आणि उंदीर-वाळवीपासून वर ठेवा. उजेडात त्याचे छायाचित्र काढा. कोपऱ्यात रंगवणाऱ्याचे नाव किंवा अक्षर असेल, तर ते टिपून घ्या. गावात सत्तरी-ऐंशीची माणसे असतील, तर त्यांना तो पडदा दाखवा आणि त्याच्यापुढे काय काय झाले, ते विचारा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आमचा रस्त्याचा पडदा पुढे फाटून गेला. कोणी बोरे झाकायला नेला, कोणी धान्य वाळवायला. एक हातभर पट्टी मी ठेवून घेतली आहे. तिच्यावर रंग राहिलेला नाही. नुसते मळकट कापड आहे, मधून एक शिवण गेली आहे. पण रंगाच्या खाली चित्रकाराने शिसपेन्सिलीने ओढलेल्या चार रेघा राहिल्या आहेत. त्या समांतर नाहीत. एकमेकींकडे झुकत झुकत पट्टीच्या कडेपर्यंत जातात. कुठेतरी पुढे, हातभर पलीकडे, त्या मिळत असणार. तिथे खिळा होता. परवा नातीने ती पट्टी पाहिली आणि विचारले, "आबा, ह्या रेघा कुठं जातात?" या वेळी मात्र माझ्याकडे उत्तर होते. मी तिला जवळ बसवले आणि आजीपासून सुरुवात केली.